नंबर बाहेर

१

टायर फुटला, गाडी दुभाजकावर आपटली आणि शेजारी बसलेला नवरा जागच्या जागी गेला. चालवत होती बायको. ती वाचली, आणि वाचली हाच तिचा गुन्हा ठरला. सासूने डोळ्यांतलं पाणी सुकायच्या आत निकाल देऊन टाकला, की टायरबियर काही नाही, हिनेच माझ्या मुलाला मारला. टायर नवेच होते ना? दोन महिन्यांपूर्वी घातलेले. नवा टायर कधी फुटतो? हाणली असेल गाडी वाऱ्यासारखी.

बायको दवाखान्यात नर्स. दिवसभर परक्या माणसांना पाणी पाजायची आणि घरी आली की सासू तिच्या हातचा पेला तसाच ठेवून उठायची. बोलणं बंद, फक्त भिंतीकडे तोंड करून टोमणे चालू.

विम्याच्या चौकशीला आली ती सर्वेअर बाई. ऑफिसात तिला पाठीमागे 'कारलं' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. कारलं निदान गोड असल्याचं सोंग तरी करत नाही, असं तिचं मत. वरच्यांनी निघतानाच तिला सांगून ठेवलं होतं, की चूक चालवणारीची आहे, उगाच खोलात शिरू नका. बाईला कुणी खोलात शिरू नका म्हटलं की ती चपला काढून तयार.

अपघाताच्या गाड्या ठेवायच्या आवारात ती पोचली, तर तिच्या आधी टायर कंपनीचा विभागाचा साहेब हजर. शर्टाला अशी कडक इस्त्री, की माणूस वाकला असता तर शर्ट मोडला असता. बाईने मनातल्या मनात त्याचं नाव इस्त्री ठेवलं आणि पुढे तोंडावरही तेच वापरलं.

इस्त्रीने फुटक्या चाकाकडे बोट दाखवलं. टायरच्या अंगावर चार आकड्यांचा शिक्का असतो. कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात तो कारखान्यातून निघाला, हे त्यावरून कळतं. शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि इथे तो बाहेरच्या बाजूला, ठळक, याच वर्षाचा होता. टायर बाळ आहे बाळ, असं काहीतरी इस्त्री म्हणाला. हवा कमी ठेवून भरधाव हाकली तर बाळ काय करणार?

बाई चाकाजवळ उकिडवी बसली. रिमची कडा रस्त्यावर घासून पार चकचकीत झाली होती. टायर फुटल्यावरही गाडी बरीच फरफटत गेली होती, हे उघड होतं. पण रिम घासतो तो टायरला चिरडूनच. मधला टायर भाकरीच्या कडेसारखा करपून निघतो, त्याच्या चिंध्या होतात. या टायरला एकच लांब चीर होती, आणि बाकी अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

लोखंड रस्त्यावर घासत होतं, तेव्हा हा टायर त्याच्यावर नव्हताच.

२

बाईने तिथे कुणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारपर्यंत रिमही बदलला गेला असता. क्रेनवाल्याला एवढंच विचारलं, की इथे कोण आलं होतं. आवार त्याचं, किल्ली त्याच्याकडे. त्याने कानांवर हात ठेवले. कुणी आलं नाही, गेलं नाही, पाखरू फिरकलं नाही. बाईने ते ऐकून घेतलं. एवढ्या मोठ्या आवारात पाखरूही फिरकलं नाही म्हणणारा माणूस खोटं तरी बोलत असतो किंवा जागेवर तरी नसतो.

नर्सच्या घरी दार सासूनेच उघडलं. बाई विम्याची आहे म्हटल्यावर तिने आत बघून आवाज दिला, "ये बाहेर, तुझ्या कर्माची माणसं आलीत." मग खुर्ची ओढून मध्येच बसली. जाब आपणच ऐकणार, अशा थाटात.

नर्स खाली मान घालून बोलत होती. टायर कुठून घेतले, असं बाईने विचारलं. समोरासमोरच्या दुकानांतून, ती म्हणाली, आणि बाईला लगेच कळलं. गावात कुणालाही कळलं असतं. एकाच बापाचे दोन मुलगे, थोरला रस्त्याच्या या अंगाला, धाकटा त्या अंगाला, दोघांची टायरची दुकानं आणि दोघांत विळ्या-भोपळ्याचं सख्य. तुम्ही धाकट्याकडून टायर घेऊन निघालात, की थोरला रस्ता ओलांडून यायचा, चाकाशी वाकायचा आणि मोठ्याने विचारायचा, की तारीख बघितलीत का, की दिलं तेच घेतलंत? धाकटाही काही कमी नव्हता. शेवटी वैतागून दोघांनीही टायर तारखेची बाजू बाहेर ठेवूनच बसवायला सुरुवात केली. थोरल्याने तर पाटीवर रंगवून घेतलं, 'नंबर बाहेर'. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, तो तिसरा म्हणजे गिऱ्हाईक. इकडचा भाव तिकडे सांगायचा, तिकडचा इकडे, आणि दोन फेऱ्यांत टायर स्वस्त. बाईने स्वतः गेल्याच महिन्यात थोरल्याकडून असेच चार टायर घेतले होते आणि आपण कसा भाव पाडला ते ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं होतं.

"मी दोन्हीकडे विचारलं," नर्स म्हणाली. "आधी थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. दोघांनी एकच भाव सांगितला. म्हटलं, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकच भाव सांगतायत, म्हणजे तो खराच असणार."

"मग धाकट्याकडूनच का घेतलेत?"

"थोरल्यानेच पाठवलं. म्हणाला, तुमच्या मापाचे माझ्याकडे नाहीत, समोर जा."

सासू फणकारली. दुकानदाराने कुठे पाठवलं याच्याशी तिच्या मुलाच्या मरणाचा काय संबंध? गाडी काय दुकानदार चालवत होता? नर्सने मान आणखी खाली घातली. ती रडली नाही. रडायचं तिचं केव्हाच संपलं होतं.

बाई उठली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जो थोरला धाकट्याच्या दाराशी गिऱ्हाईक दिसलं तरी दगड लागल्यासारखा धावायचा, त्याने आपलं गिऱ्हाईक आपण होऊन समोर पाठवलं?

३

थोरला दुकानाच्या पायरीवरच बसला होता. साठी ओलांडलेला, हात लाकडासारखे, बोटांची पेरं सुजलेली. बोलायला आंबट आणि बघायला तिखट. पण जवळ बसलं की अंगाला वास लहान बाळाचा. मागच्या फळीवर पावडरचा डबाच होता. घामोळं असेल म्हाताऱ्याला, असं समजून बाईने तिकडे दुर्लक्ष केलं.

नर्सचं नाव काढताच त्याने भावाला शिव्या घालायला सुरुवात केली. धाकटा जन्माचा लबाड, त्याच्या मालाची मी काय खात्री देऊ? बापाने हयातभर फरक केला. "मी टायरमध्ये हात घालून मेलो, आणि तो पंख्याखाली गल्ल्यावर. त्याच्या हाताला कधी काळं लागलं नाही. आणि बाप म्हणायचा, धाकटा हुशार." स्वतःबद्दल मात्र एकच पालुपद, की मी आयुष्यात शिळा टायर विकला नाही. पाटी बघा, नंबर बाहेर.

तो बोलत होता तेवढ्यात समोरून धाकट्याचा फिटर रस्ता ओलांडून आला. सरळ थोरल्याच्या दुकानात शिरला, फळीवरून एक टायर उचलला, खांद्यावर घेतला आणि परत गेला. थोरल्याने मानही वळवली नाही.

बाई बघतच राहिली. पूर्वी असं घडलं असतं तर रस्त्यावर डोकी फुटली असती.

"तुमचा टायर घेऊन गेला तो," ती म्हणाली.

थोरल्याने पायरीवरची धूळ झटकली.

"कधीपासून?"

मग तो कधी पायाच्या अंगठ्याकडे, कधी रस्त्याकडे बघत कुरकुरत बोलला. दोन्ही दुकानं टायर कंपनीने विकत घेतली होती. वर्षाच्या आतच झालं ते. भाऊ-भाऊ आता एकाच मालकाचे नोकर. गोदाम एक, भाव एक, वरचा साहेबही एकच, इस्त्री. पाट्या तेवढ्या दोन राहिल्या, कारण साहेब म्हणाला राहू द्यात, लोकांना दोन दारं फिरल्याशिवाय समाधान होत नाही. गिऱ्हाइकाने खुशाल रस्ता ओलांडावा. ज्या खिशातून निघाला त्याच खिशात जाणार.

बाईला आपला पाडलेला भाव आठवला. रस्त्याच्या या टोकाला हसला असेल थोरला, त्या टोकाला धाकटा. तिच्या तोंडाला खरोखरच कडू चव आली.

"आणि हे गावाला सांगायचं नाही, असं ठरलंय?"

"कुणी विचारलंच नाही," थोरला म्हणाला.

४

धाकट्याच्या दुकानात गारवा होता. तो काचेआड बसला होता, नखं कापलेली, हात मऊ. बाईने तोंड उघडायच्या आधीच त्याने थोरल्याचं पाप वाचायला घेतलं. शिळे टायर म्हणाल तर ते थोरल्याचेच. प्रतिष्ठेपायी जुना झालेला माल विकायचा नाही आणि भाव पाडून काढायचाही नाही, असा त्याचा बाणा. टायर साठत गेले, गोदामात ढीग झाला. कंपनी आली तेव्हा मात्र त्याने तोच ढीग ताजा म्हणून दाखवला आणि ताज्याची किंमत वसूल केली. गोदामं एक झाली, आणि ढीग सगळ्यांच्याच गळ्यात पडला.

"तुम्ही तोच विकलात?"

तो हुकुमाचा ताबेदार, असं त्याने सांगितलं. आधी जुना माल काढा, असा वरून हुकूम. आणि टायर बसवताना तारीख आतल्या बाजूला ठेवा, हाही हुकूमच. दोन्ही दुकानांतली पोरं मशीनवर तसेच चढवतात. आता कोण येणार आहे रस्ता ओलांडून वाकून बघायला?

त्याने हे इतक्या सहज सांगितलं, की बाईच्या हाताला खाज सुटली. फुटका टायर बदलायला तुम्ही गेला होतात का, असं तिने तोंडावरच विचारलं. धाकटा खरोखर चकित झाला. त्याने आपले हात पुढे केले. तो म्हणाला, मला चाकाचा नट सोडवता येत नाही, टायर कसा चढवू? माझी पोरं मशीनशिवाय बोटही लावत नाहीत, आणि त्या आवारात मशीन कुठलं? मला अडकवू नका. चोर समोर बसलाय.

चोराच्या उलट्या बोंबा असतात, तसा कधीकधी चोरावर मोरही असतो. बाईने त्याचा शब्द धरला नाही, पण त्याचे हात नीट बघून ठेवले.

मग ती पुन्हा आवारात गेली. पर्समधून तिने दांडीचा आरसा काढला, गाडीखाली सरकवला आणि उरलेल्या तीन चाकांच्या आतल्या बाजू बघितल्या. पहिल्या चाकाचा नंबर आत, सहा वर्षांपूर्वीचा. दुसऱ्याचा तोच. तिसऱ्याचाही तोच. त्यांच्या अंगावर बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हात राहिलेल्या चपलेसारख्या.

नर्सने चार टायर एकदम घेतले होते, एकाच दुकानातून, एकाच दिवशी. तीन म्हातारे आणि एक बाळ. बाईने क्रेनवाल्याला बोलावलं आणि उद्या सकाळी सगळ्यांना इथे हजर राहायला सांग म्हटलं. तो 'का' असं विचारणार होता, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने फोन काढला.

५

सकाळी सगळे आले. इस्त्री, थोरला, धाकटा, नर्स, आणि नर्सच्या मागे चार पावलांवर सासू. सुनेची लबाडी उघडी पडताना तिला डोळ्यांनी बघायची होती. भाऊ दोन टोकांना उभे राहिले.

बाईने आधी क्रेनवाल्याला धरलं. त्याने फार ताणलं नाही. तो क्रेन घेऊन कामावर जातो तेव्हा फाटक दिवसभर उघडंच असतं, कुणीही यावं, कुणीही जावं. रागावतील म्हणून बोललो नाही, म्हणाला.

मग तिने तीन चाकांची तारीख प्रत्येकाला आरशात दाखवली. इस्त्रीला वाकावं लागलं, आणि शर्ट मोडला. नर्स वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. तिला उठवायला कुणी पुढे झालं नाही.

"चौथाही असाच होता," बाई म्हणाली. "तोच फुटला. नंतर कुणीतरी इथे आलं, त्याच्या चिंध्या काढून नेल्या आणि हा ताजा टायर चिरून चढवला. पण मुळात नंबर बाहेर का?"

इस्त्री म्हणाला, ताजी तारीख दाखवायलाच ना. कुणीही तसंच करेल. बाईने मान हलवली. विचार करणाऱ्याने तसं केलं नसतं. बाकी तिघांचे नंबर आत असताना एकाचाच बाहेर, म्हणजे हा उपरा असं ओरडून सांगणंच झालं. विचार करणाऱ्याने तो इतरांसारखा आत ठेवला असता आणि मला आरशात दाखवला असता. हे डोक्याचं काम नाही, हाताचं आहे. जो हात जन्मभर नंबर बाहेर ठेवत आला, त्याने सवयीने तसंच केलं.

धाकटा लगेच म्हणाला, बघा, सांगत होतो. थोरला उसळला. नंबर बाहेर धाकट्याकडेही ठेवायचे, सगळा गाव साक्षी आहे.

"खरं आहे," बाई म्हणाली. तिने गाडीतून दोन लोखंडी पट्ट्या काढल्या, क्रेनवाल्याला हाताशी घेतलं आणि दोघांनी घाम गाळत टायर रिमवरून उपसला. मग तिने टायरच्या पोकळीत हात घालून फिरवला आणि बाहेर काढला. पंजा पांढरा झाला होता. तिने तो सासूच्या नाकाशी नेला.

"कसला वास येतोय, आजी?"

सासूने नाक मुरडलं, आणि मग तिचा चेहरा गोंधळला. "तान्ह्या पोराचा," ती म्हणाली.

पूर्वी टायरच्या आत रबरी ट्यूब असायची. ती टायरला चिकटून फाटू नये म्हणून आतून पावडर मारायचे. आताच्या टायरांत ट्यूबच नसते, पावडरचं काम संपून जमाना झाला. मशीनवर शिकलेल्या पोरांना ती माहीतही नाही. गल्ल्यावर बसलेल्याच्या हाताला ती कधी लागली नाही. पट्ट्यांनी, हाताने, मशीनशिवाय टायर चढवणारा आणि चढवताना नकळत पावडर मारणारा माणूस इथे एकच होता. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. बाईने थोरल्याकडे बघितलं. आवारातल्या सगळ्यांनाच आता तो वास येत होता.

थोरल्याने आधी भावाकडे बघितलं, मग जमिनीकडे. फुटक्या चिंध्या त्याच्याच दुकानामागे पडल्या होत्या, असं त्याने सांगितलं. टायर त्याच्या ढिगातला होता. चौकशी झाली असती तर माल कुणाचा, ताजा म्हणून कुणी दिला, हे सगळं निघालं असतं.

"समोर हा होता तोवर मी नीट होतो," तो म्हणाला. "हा वाकून बघेल, या भीतीने मी नीट होतो. हाही माझ्यामुळे. आता बघायला कुणी उरलंच नाही."

"एक बाई विधवा झाली," बाई म्हणाली, "आणि तू तिलाच खुनी ठरवायला निघालास." तिने त्याला अहोजाहो केलं नाही.

इस्त्री शर्ट सारखा करत म्हणाला, की तारीख कुठल्या बाजूला ठेवावी, असं कुठल्याच नियमात नाही. बाईने त्याला सांगितलं, की ते तू पोलिसांना सांग, आणि दोन पाट्या कशाला ठेवल्यास तेही सांग. मग तिने सगळ्यांकडे पाठ फिरवली.

नर्स गाडीला टेकून उभी होती. "मी दोन्हीकडे विचारलं होतं," एवढंच ती म्हणाली, आणि आता रडली. सासू ऐकत होती. मुलगा जायचा तो गेलाच होता, फक्त शिव्या द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं.

बाईने दोघींना म्हटलं, चला, घरी सोडते. गाडीचं दार उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. गेल्या महिन्यात थोरल्याची पाटी बघितली होती तिने, टायर बघितले नव्हते. एवढी सर्वेअर. चाकाच्या बाहेरच्या बाजूला नंबर कुठेच नव्हता. तिने आरसा काढला, ऑफिसच्या कपड्यांनिशी मातीत गुडघे टेकले आणि आत बघितलं. सहा वर्षांपूर्वीचा. आयुष्यात शिळा टायर विकला नाही म्हणणारा तिच्या मागे दहा पावलांवर उभा होता.

ती उठली. दार लावून घेतलं.

"या गाडीतून नको," ती म्हणाली.

सासूने गाडीकडे बघितलं, मग सुनेकडे. मग तिने पदर खोचला आणि हात पुढे केला, रागाने करावा तसाच.

"धर," ती म्हणाली. "रस्ता खडबडीत आहे. चालत जाऊ."